लॉगमध्ये चार इंच

एकाहत्तरच्या लढाईआधी सात महिने माझी बदली एका छोट्या गस्ती बोटीवर झाली. मला पोचवायला आलेल्या नाविकाने धक्क्यावर उभं राहून खाली बोट दाखवलं. मी विचारलं, जहाज कुठे आहे? तो म्हणाला, हेच. ओहोटीची वेळ होती. वरून फक्त डोलकाठी आणि तोफेवरची ताडपत्री दिसत होती.

लांबी नव्वद फूट, रुंदी वीस. लाकडी बांधणी. दोन डिझेल इंजिनं, पुढे चाळीस मिलिमीटरची एक तोफ, मागे डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीवर टाकायचे बॉम्ब. माणसं चोवीस. कॅप्टन लेफ्टनंट हुद्द्याचे, वय अठ्ठावीस. माझ्याआधी बोटीची तेरा वर्षं नोकरी झाली होती. तिचं सरकारी नाव लिहीत नाही, कारण ते आता दुसऱ्या जहाजाला दिलेलं आहे. तिचा भोंगा बारीक आणि चिरका होता म्हणून आम्ही तिला टिटवी म्हणायचो.

लातूर जिल्हा वेगळा झाल्यावर इथे माजी सैनिकांसाठी नवीन कार्यालय उघडलं. त्यांनी आमच्याकडून एक फॉर्म भरून मागितला आहे. कोणत्या युनिटमध्ये होता, लढाईत काय केलं, आणि शेवटचा रकाना ‘विशेष कामगिरी’. सोबत आठवणी लिहून जोडाव्यात, शाळेतल्या मुलांना वाचून दाखवता येतील, असं तिथल्या साहेबांनी सांगितलं. मी तीनदा फॉर्म घरी आणला आणि तीनदा कोरा ठेवला. हे जे लिहितो आहे ते मुलांना वाचून दाखवावं की नाही, ते त्यांनी ठरवावं.

लढाईत टिटवीने शत्रूवर एकही गोळी झाडली नाही. सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर एका खाडीच्या तोंडाशी पहारा द्यायचा, येणारी-जाणारी गलबतं थांबवून तपासायची, पाणबुडीचा कानोसा घ्यायचा, एवढं आमचं काम. त्या गस्तीत आम्ही एकतीस गलबतं तपासली. एकातही काही सापडलं नाही. आमच्या बोटीवर एक माणूस गेला. तो कसा गेला हे सरकारी कागदात आहे, आणि तिथे ते अर्धं आहे.

लढाईच्या वेळी माझं ठाणं तोफेवर, गोळे भरायला. एरवी मी टँकी होतो. गोड्या पाण्याचा हिशेब ठेवणाऱ्या नाविकाला नौदलात टँकी म्हणतात. बोटीत पिण्याच्या पाण्याच्या दोन टाक्या होत्या, डावीकडे एक, उजवीकडे एक. रोज सकाळी सात वाजता प्रत्येक टाकीत खुणा केलेली पितळी कांब सोडायची, ओल कुठवर आली ते पाहायचं आणि लॉगमध्ये, म्हणजे बोटीच्या नोंदवहीत, इंच लिहायचे. एका टाकीतला एक इंच म्हणजे साठ लिटर. कॅप्टन साहेब सव्वासातला लॉग पाहायचे.

माझं गाव औश्याजवळचं. आमच्या घरी रांजणात पाणी किती आहे हे कोणी विचारलं तर खरं सांगायचं नाही, अशी रीत. माय म्हणायची, तळाला हाय. रांजण निम्मा असला तरी तळालाच. शिवाय चुलीमागे एक घागर झाकलेली असायची, तिची गणतीच करायची नाही. यात कोणाला खोटेपणा वाटायचा नाही. पाणी आहे म्हटलं की माणसाचा हात सैल सुटतो, म्हणून कमी सांगायचं. शेजारणीही तशाच सांगायच्या, आणि कोण किती लपवतं हे सगळ्यांना ठाऊक असायचं.

बोटीवर आल्यावर पहिल्याच सरावात मी तेच केलं. रोज अर्धा इंच जास्त खर्च दाखवला. सराव एक दिवस लांबला, पाणी संपत आलं म्हणून सगळे चिंतेत पडले, तेव्हा मी कॉक्सनला हळूच सांगितलं की अजून दिवसभराचं आहे. कॉक्सन म्हणजे बोटीवरचा वरिष्ठ नाविक. आमचा कॉक्सन मालवणचा पेटी ऑफिसर होता, वीस वर्षं समुद्रावर. त्याने माझी पाठ थोपटली. सांगायचा मुद्दा असा की मला तिथे शाबासकी मिळाली. पण लॉग हा चुलीमागचा कोपरा नव्हे. लॉगवर बोटीचे निर्णय होतात. हे मला कोर्समध्ये शिकवलं होतं आणि परीक्षेत मी ते बरोबर लिहिलंही होतं.

खरे आकडे मी खिशातल्या वहीत लिहायचो. म्हणजे खोटं काय आणि खरं काय, हे मला रोज इंचात ठाऊक होतं.

मारोती भोकरजवळच्या एका खेड्यातला. सीमन, म्हणजे साधा नाविक, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. बोटीवर मराठवाड्याचे आम्ही दोघंच. मी लिंगायत म्हणून तो मला आप्पा म्हणायचा. विहिरीत पोहायला शिकलेला, पोहण्यात पक्का. डिंगीच्या, म्हणजे आमच्या छोट्या होडीच्या नाळेवर, अगदी पुढच्या टोकाला, त्याची जागा ठरलेली होती. त्याच्या जिल्ह्यातून गोदावरी जाते आणि आमच्या लातूरला पाण्याची बोंब, यावरून तो मला रोज एकदा तरी टोचायचा. माझ्या हातातली कांब पाहिली की म्हणायचा, “आप्पा, मोजून मोजून पानी वाढत नसतंय.”

लढाई सुरू व्हायच्या चार दिवस आधी आम्ही खाडीवर गेलो. टाक्या निम्म्याच भरून मिळाल्या, दोन्हींत चौतीस चौतीस इंच. कॅप्टन साहेबांनी पहिल्याच दिवशी माणशी दहा लिटर ठरवून दिलं. स्वयंपाक, पिणं, सगळं त्यात. अंघोळ समुद्राच्या पाण्याने. चोवीस माणसांचे दोनशे चाळीस लिटर, म्हणजे प्रत्येक टाकीतून रोज दोन इंच.

मी रोज अडीच लिहीत गेलो.

आठव्या दिवशी कॅप्टन साहेबांनी हिशेब केला आणि कॉक्सनला बोलावलं. रोज साठ लिटर जास्त जातं, कोण उडवतंय? कॉक्सनने सगळ्यांना डेकवर उभं केलं. त्याच दुपारी त्याला मारोती गोड्या पाण्यात बनियन पिळताना दिसला. ते मारोतीच्या स्वतःच्या वाट्याचं, एक मग पाणी होतं. खारट कपड्याने त्याच्या काखेत पुरळ उठला होता. दिवसभर तो त्या मगाएवढं पाणी कमी प्यायला होता. हे त्याने सांगितलं, पण साठ लिटरला कोणीतरी चोर हवाच होता. कॉक्सनने त्याला चार दिवस जादा ड्यूटी दिली. बाकीचे त्याला धोबी म्हणू लागले.

मी त्या रांगेत त्याच्यापासून तिसरा उभा होतो. वही माझ्या खिशात होती. मी बोललो नाही. चार दिवसांची जादा ड्यूटी ही काही मोठी शिक्षा नाही, असं मी मनाला सांगितलं.

मारोती रागावला नाही. संध्याकाळी दोर गुंडाळताना म्हणाला, गावी भावकीत माझं नाव चोर पडलं असतं तर डोकी फुटली असती, इथं धोबीवर भागलं.

बाराव्या दिवशी सकाळी मी कांब सोडली. दोन्ही टाक्यांत दहा दहा इंच. लॉगमध्ये चार चार लिहिले. लॉगप्रमाणे पाणी चारशे ऐंशी लिटर, दोन दिवसांचं. प्रत्यक्षात बाराशे लिटर, पाच दिवसांचं.

साडेसातला रेडिओवर बोलणं झालं. आम्ही पाणी मागितलं, ते लाँच म्हणजे तळावरची मोटरबोट आणून देते. नौदलाच्या तळावरून उत्तर आलं, “लाँच रिकामी नाही. रिलीफ चार दिवसांनी. जागा सोडू नका. ओव्हर.”

रिलीफ म्हणजे आमच्या जागी येणारी बोट. तोवरच्या चार दिवसांना नऊशे साठ लिटर हवे. लॉगप्रमाणे चारशे ऐंशी कमी पडत होते. किनाऱ्यावर मैलभर अंतरावर मच्छिमारांची वस्ती होती आणि तिथे गोड्या पाण्याची विहीर. डिंगीत वीस लिटरचे बारा जेरीकॅन मावत. दोन फेऱ्या म्हणजे बरोबर चारशे ऐंशी. कॅप्टन साहेबांनी नकाशा पाहिला. वस्तीसमोर वाळूचा बांध होता. भरतीला त्यावरून होडी सहज जाते, ओहोटीला तिथे लाटा फुटतात. त्यांनी मला ब्रिजवर, म्हणजे बोट चालवतात त्या जागी, बोलावलं.

“टँकी, फिगर पक्का है?”

“येस सर.”

“दोबारा नापना है?”

“नो सर.”

तिथे सांगता आलं असतं. तीन अधिकारी उभे नव्हते, कोर्ट बसलं नव्हतं. एक माणूस विचारत होता आणि त्याने दोनदा विचारलं. लढाईत लॉग खोटा लिहिला म्हणून माझ्यावर चार्ज लागला असता, बिल्ला गेला असता, कदाचित नोकरी. हे खरं कारण. त्याला मी तेव्हा दुसरं एक कारण जोडलं. आणखी पाणी येतं आहे तर येऊ दे. पाण्याला कोणी नको म्हणतं का? आमच्याकडे तरी म्हणत नाही.

डिंगीत चौघं जायचे होते. कॉक्सनने नावं घेताना मारोतीकडे पाहून सांगितलं, ज्याने पाणी उडवलं त्याने आणावं. त्याची जागा तशीही नाळेवरच होती. पण हे वाक्य सगळ्यांसमोर बोललं गेलं आणि माणसं हसली. मारोती खाली उतरताना माझ्याकडे वळला.

“लातूरवाल्याला तहान लागली आन् नांदेडवाला पान्याला चालला. उलटंच होऊन राहिलं, आप्पा.”

मी त्याच्या हातात कॅन देत होतो. मी हसलो.

पहिली फेरी साडेनऊला निघाली आणि बाराला परत आली. दोनशे चाळीस लिटर टाकीत ओतले. पाणी थोडं मचूळ होतं. दुसरी फेरी साडेबाराला निघाली. विहिरीवर बायका पाणी भरत होत्या, त्यांचं होईपर्यंत आमच्या चौघांना थांबावं लागलं. ते किनाऱ्यावरून परत निघाले तेव्हा दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. ओहोटी लागली होती आणि वारा समुद्राकडून सुटला होता.

मी डेकवर होतो, कॅन घ्यायला. डिंगी बांधावर आली. पहिली लाट तिने काढली. दुसरीत नाळ वर गेली, भरलेले कॅन मागे सरकले आणि डिंगी आडवी झाली. ब्रिजवरून कॅप्टन साहेबांचा आवाज आला, “डिंगी ओव्हर.” वेळ दोन एकावन्न. आमच्याकडे दुसरी होडी नव्हती. नांगर उचलून बोट जवळ नेली, पण बांधाच्या आत आम्हाला जाता येईना. वस्तीतली माणसं पाण्यात उतरली. तीन डोकी दिसली. मी तीनदा मोजली.

विहिरीत पोहणाऱ्याला पाणी एकाच जागी असण्याची सवय असते. मारोती होडीखाली अडकला की लाटेने फिरवला, कोणालाच सांगता आलं नाही. वाचलेल्यांपैकी एकाने सांगितलं, होडी उलटताना मारोती कॅनचा दोर सोडत नव्हता. चोरीचा आळ होता त्याच्यावर. पाणी सोडून आला असता तर काय म्हणाले असते, हे त्याने मनात आणलं असेल का, मला माहीत नाही. मी मात्र हे मनात आणल्यावाचून एक दिवस काढलेला नाही.

संध्याकाळी पाच वाजता मच्छिमारांनी त्याला त्यांच्या होडीतून आणलं. पुढच्या डेकवर तोफेच्या ताडपत्रीखाली ठेवलं. रेडिओवर निरोप गेला. या वेळी उत्तर लगेच आलं. उद्या दहा वाजता लाँच येईल. मृतदेह नेईल, पाणी आणेल, सप्लायचा अधिकारी सोबत असेल, तो भरण्याआधी टाक्या मोजेल.

सकाळी जी लाँच रिकामी नव्हती, ती एका माणसाच्या मरणाने रिकामी झाली. यात मी तळाला दोष देत नाही. त्यांनी आमच्या आकड्यावर ठरवलं होतं की हे लोक आपलं भागवतील.

अधिकारी टाक्या मोजणार, हे ऐकून मला जे सुचलं ते आता लिहितो. दुसऱ्या दिवशी लॉग आणि टाकी यांत साडेसहा साडेसहा इंचांचा फरक होता, कारण त्या सकाळीही माझ्या हाताने अर्धा इंच जास्त लिहिला होता. मारोती डेकवर असताना. सातशे ऐंशी लिटर. टाक्यांचा तळाचा कॉक उघडला की पाणी बोटीच्या तळात, बिल्जमध्ये उतरतं आणि पंप ते बाहेर टाकतो. पंप मिनिटाला तीस लिटर टाकायचा. सव्वीस मिनिटं लागणार होती.

दहा वाजता लाँच लागली. सगळे डेकवर रांगेत उभे राहिले. मी पंपाचं काम आहे असं सांगून खाली राहिलो. वरून पायांचे आवाज आले. शिटी वाजली. कॅप्टन साहेबांची ऑर्डर ऐकू आली, “सॅल्यूट.” मी पंपाच्या मुठीवर हात ठेवून उभा होतो आणि घड्याळ पाहत होतो. मारोती बोटीवरून उतरला तेव्हा चौदा मिनिटं झाली होती. चारशे वीस लिटर गेले होते, तीनशे साठ बाकी होते. मी पंप बंद केला नाही.

अधिकाऱ्याने टाक्या मोजल्या. आकडे जुळले. त्याने लॉगवर सही केली.

दुपारी कॉक्सन खाली आला. सकाळी स्ट्रेचर घ्यायला तो लाँचमध्ये उतरला होता. पंपाची धार बोटीच्या बाजूने पडत होती. वाऱ्याने तिचा फवारा त्याच्या तोंडावर उडाला होता. तो माझ्यासमोर बसला. मग म्हणाला,

“तां पाणी गोडां होतां.”

मी कांब पुसून जागेवर ठेवली.

“मी त्याका चोर केलंय,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर.”

तो उठून गेला. त्यानेही तोंड उघडलं नाही. चौकशीत लिहिलं गेलं, कर्तव्यावर असताना होडी उलटून मृत्यू. कोणाचा दोष नाही.

पुढचं वर्ष बहात्तरचं. मी सुट्टीवर आलो तेव्हा मराठवाड्यात विहिरींचे तळ दिसत होते आणि निम्मं गाव दुष्काळी कामावर खडी फोडत होतं. मी नांदेडला उतरलो, मुदखेडला गाडी बदलून भोकरला गेलो, तिथून चालत मारोतीच्या गावी. त्याचे वडील खडीच्या कामावरून नुकतेच आले होते. हातांना चिंध्या बांधलेल्या. मी कोण ते कळल्यावर त्यांनी आधी पाण्याने भरलेला तांब्या समोर ठेवला. ते पाणी त्यांची सून, मारोतीची वहिनी, दोन कोसांवरून आणत होती. मी ते प्यायलो. मला तोंड नव्हतं, पण प्यायलो.

त्यांनी एकच विचारलं. कशाला गेला व्हता दर्यात?

मी सांगितलं, पाणी आणायला.

“मंग बरं,” ते म्हणाले. “पान्याला गेलेला मानूस वाईट कामाला गेला न्हाई.”

तिथेही मी गप्प बसलो. ही चौथी वेळ. डेकवर एकदा, ब्रिजवर एकदा, पंपापाशी एकदा, आणि हा म्हातारा समोर असताना एकदा.

नौदलाची मुदत संपवून मी लातूरला आलो. नऊ वर्षं आडतीवर मापाडी आहे. काटा स्थिर झाल्याशिवाय वजन पुकारत नाही. शेतकरी मुद्दाम माझ्या काट्यावर माल आणतात, आप्पा पावशेराचाही फरक करत नाही म्हणतात. लोक असं म्हणाले की मी दुसरीकडे पाहतो. घरी बायकोला यातलं काही ठाऊक नव्हतं. फॉर्म तिसऱ्यांदा कोरा परत ठेवला तेव्हा तिने विचारलं आणि मी सगळं सांगितलं. ती भांडी घासत होती. हात न थांबवता म्हणाली, मला सांगून काय होनार? ज्यांना सांगायचं ते तिकडं भोकरला हायत.

म्हणून गेल्या महिन्यात मी परत गेलो. मारोतीचे वडील आता सत्तरीपुढचे. दारासमोर हातपंप बसला आहे. भिंतीवर मारोतीचा नौदलाच्या टोपीतला फोटो. त्यांनी तसाच तांब्या भरून ठेवला. मी म्हणालो, आधी ऐका. खिशातली वही मी जपून ठेवली होती. ती उघडून दोन्ही आकडे सांगितले, लॉगचा आणि टाकीचा. बनियनचं सांगितलं. पंपाचं सांगितलं. बोलायला वीस मिनिटं लागली असतील. मी घड्याळ पाहिलं नाही.

म्हातारा ऐकून घेत राहिला. शेवटी त्यांनी विचारलं,

“म्हंजे त्यानं पानी चोरलं न्हवतं?”

“न्हाई.”

“आन् पानी हुतं बोटीत.”

“होतं. पाच दिवसांचं.”

त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मग तांब्या माझ्याकडे सरकवला.

“पानी पी,” ते म्हणाले. “आन् जा.”

मी उभ्यानेच तांब्या संपवला आणि निघालो. दारात मारोतीची वहिनी उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाजूला झाली.

टिटवी लढाईनंतर चार वर्षांनी मोडीत निघाली. तिचे लॉग कुठे आहेत मला ठाऊक नाही. असतील तर त्यात गस्तीच्या बाराव्या दिवशीची एक नोंद दुरुस्त करायची आहे, ती इथे करतो. सकाळी सात वाजता. डावी टाकी दहा इंच, उजवी टाकी दहा इंच. माणसं चोवीस. पाणी पाच दिवसांचं. डिंगी उतरवण्याची गरज नाही.

विशेष कामगिरीच्या रकान्यात मी लिहिलं आहे: मारोती, सीमन, राहणार भोकरजवळ. वय तेवीस. पाण्याला गेला, आणि हातातलं पाणी सोडलं नाही.